सोलापूरच्या उन्हात कोणती कोंबडी पाळावी? पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी

कोंबड्या पाळायचं मनात आलं की प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो, "सगळ्यात जास्त अंडी कोणती जात देते?" उत्तर सोपं आहे: पांढरी लेगहॉर्न, वर्षाला ३०० किंवा त्याच्याही वर. पण ती ३०० अंडी शेडमधली असतात. तोलून दिलेलं खाद्य, १६ तास उजेड, ठरलेल्या लसी, सगळं घड्याळावर. आपल्या अंगणात यातलं निम्मंही होत नाही.

मी गेली ९ वर्षं जुळे सोलापुरात घरामागच्या मोकळ्या जागेत कोंबड्या पाळतेय. कधी चार, कधी अकरा. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे गिरिराजा जातीच्या दोन कोंबड्या होत्या. अंगाने भरलेल्या, संथ, मुलाच्या मांडीवर येऊन बसणाऱ्या. मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही सकाळीच बार्शीला गेलो. पाण्याचं भांडं भरून सावलीत ठेवलं होतं, पण दुपारी सावली सरकली आणि भांडं उन्हात आलं. संध्याकाळी आलो तर एक भिंतीकडेला पंख पसरून मरून पडली होती. दुसरीची चोच उघडी, मान लांबवलेली. तिच्या पायांवर पाणी ओतलं, चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं, पण रात्री तीही गेली. त्याच अंगणातली गावरान कोंबडी मात्र कडुनिंबाच्या बुंध्याशी माती उकरून, पोट गार मातीला टेकवून बसली होती. तिला काही झालं नव्हतं.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं आणि तिला घाम येत नाही. हवा तिच्या अंगापेक्षा गार असली तरच अंगातली उष्णता बाहेर पडते. सोलापूरचा पारा मे महिन्यात ४२-४३ला टेकतो तेव्हा तो रस्ता बंद होतो. मग चोच उघडून धापा टाकणं एवढाच मार्ग तिच्याकडे उरतो. म्हणून इथे जात निवडताना पहिला प्रश्न अंड्यांचा नको. भर दुपारी तीन वाजता, लाईट गेलेली असताना, कोणती कोंबडी तग धरेल, इथून सुरुवात करा.

पहिली पायरी: आधी अंगण बघा

जमलं तर एप्रिल-मे मधल्या एखाद्या दिवशी सकाळी ९, दुपारी १, ३ आणि ५ वाजता जागेवर जाऊन उभे राहा. प्रत्येक वेळी सावली कुठे आहे तिथे खडूने नाहीतर चुन्याने खूण करा. चारही वेळा सावलीत राहणारा एखादा तुकडा सापडला तर खुराडा तिथेच. असा तुकडा नसेल तर आधी सावली तयार करा. कडुनिंब सगळ्यात चांगला. शेवगा लवकर वाढतो आणि त्याचा पाला कोंबड्या आवडीने खातात. झाड वाढेपर्यंत हिरवी शेडनेट ताणा.

डोक्यावर पत्रा असेल तर त्यावर कडब्याच्या पेंढ्या नाहीतर उसाचं पाचट जाड पसरून बांधून टाका. ज्वारीचा कडबा आपल्या जिल्ह्यात कुठेही मिळतो. उघड्या पत्र्याखाली आणि कडबा टाकलेल्या पत्र्याखाली दुपारी हात धरून बघा, फरक लगेच कळेल.

गच्चीवर पाळू का, असं खूपजण विचारतात. माझं मत सरळ आहे: पाळू नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे कोंबडीला रात्रीही आराम मिळत नाही. शिवाय पोट टेकवायला माती नाही.

जागेचं गणित असं: रात्री खुराड्यात एका कोंबडीला २ चौरस फूट, दिवसा फिरायला ८-१० चौरस फूट. १० बाय ५ फुटांच्या आवारात चार-पाचच. आठ कोंबल्यात तर त्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि एकदा रक्त दिसलं की टोचणं थांबत नाही.

कोंबडा नसला तरी अंडी मिळतात. कोंबडा फक्त पिल्लं काढायची असतील तर लागतो. दाट वस्तीत राहत असाल तर कोंबडा ठेवूच नका. त्याचं पहाटे चारचं आरवणं शेजाऱ्यांना चार दिवस कौतुकाचं वाटतं, पाचव्या दिवशी तक्रार येते. सोसायटीत किंवा भाड्याच्या घरात असाल तर पक्षी आणण्याआधीच घरमालकांशी आणि शेजारच्यांशी बोलून घ्या, आणि महापालिकेचा काही नियम लागू आहे का ते विचारून ठेवा.

दुसरी पायरी: अंडी किती लागतात ते मोजा

कागद घ्या. घरात आठवड्याला किती अंडी खाल्ली जातात? समजा १४. म्हणजे वर्षाला साधारण ७३०. वर्षाला १८० अंडी देणाऱ्या चार कोंबड्या पुरतात. ६० देणाऱ्या गावरान कोंबड्यांवर तेवढीच अंडी काढायची तर बारा लागतील, आणि बारा कोंबड्यांची जागा, खाद्य, साफसफाई हे सगळं तिप्पट.

उलट, घरात कुणी रोज अंडं खात नसेल, मुलांना फक्त पक्ष्याची सोबत हवी असेल, तर अंड्यांच्या आकड्यामागे लागूच नका. वर्षाला ६० अंडी देणारी पण हाताळू देणारी कोंबडी तिथे जास्त शोभते. बहुतेक घरांत दोन्ही हवं असतं. त्यासाठी एकाच जातीच्या चार आणण्यापेक्षा दोन जाती एकत्र ठेवा. कशा ते पुढे सांगते.

तिसरी पायरी: जात

आधी गावरान. ही एक ठरलेली जात नव्हे. गावोगावच्या कोंबड्यांचं पिढ्यान्‌पिढ्या झालेलं मिश्रण आहे. अंगाने हलकी, डोळ्याने तेज, घार वर दिसली की आधी ओरडणारी. वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी, तीही टप्प्याटप्प्याने: बारा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. अंडं लहान, ४० ग्रॅमच्या आसपास. पण ऊन ती सोसते, घरातल्या उरल्यासुरल्यावर निभावते आणि पिल्लं उत्तम सांभाळते. या शेवटच्या गुणासाठी तरी एक गावरान अंगणात हवीच.

गावरानच्या जिवटपणाला जास्त अंड्यांची जोड मिळावी म्हणून सरकारी संस्थांनी काही संकर तयार केले. आपल्या वाचकांना खरा उपयोग यांचाच.

ग्रामप्रिया हैदराबादच्या राजेंद्रनगरमधल्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची. परसबागेत वर्षाला १६० ते १८० तपकिरी अंडी देते, ५५ ग्रॅमच्या आसपासची. वनराजापेक्षा अंगाने हलकी, त्यामुळे उन्हात बरी टिकते. सोलापुरात अंड्यांसाठी मी कुणालाही पहिलं नाव हेच सांगते.

वनराजा त्याच संस्थेची, पण अंडी आणि मांस दोन्हींसाठी केलेली. रंगीबेरंगी, उंच पायांची, दिसायला देखणी. अंडी साधारण १०० ते ११०. लांब पायांमुळे पळून जीव वाचवते. वजन मात्र पटकन वाढतं, आणि जास्त दाणा टाकला तर चरबी चढून अंडी कमी होतात. हिला मोजूनच खायला घाला.

गिरिराजा बंगळूरच्या हेब्बाळची, १९८९ सालची. वर्षाला १३० ते १५० अंडी. स्वभावाने इतकी शांत की लहान मूल सहज उचलून घेतं. माझ्या दोन गेल्या त्या याच. जात वाईट नाही. भरपूर सावली आणि दुपारी घरात कुणीतरी माणूस असेल तर आजही मी ती पाळेन. दोघेही नोकरीवर जात असाल तर टाळा. तिथूनच आलेली स्वर्णधारा हिच्यापेक्षा वजनाने हलकी आणि अंडी थोडी जास्त देते. मिळाली तर गिरिराजाऐवजी ती घ्या.

कावेरी हे नाव आपल्याकडच्या विक्रेत्यांकडे बरंच ऐकू येतं. चांगली चालते. फक्त कावेरी म्हणून दुसरंच काही माथी मारलं जात नाही ना, हे बघा; पिल्लं कुठल्या हॅचरीची, हे पावतीवर लिहून मागा.

ऱ्होड आयलंड रेड, आपल्याकडे सगळे आर.आय.आर. म्हणतात. मूळ अमेरिकेची, गडद विटकरी रंगाची. चांगल्या खाद्यावर वर्षाला २०० किंवा जास्त तपकिरी अंडी. माणसाळते लवकर. ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प ऑस्ट्रेलियाची, काळी, हिरवट चमकणारी, आणखी मवाळ. पण काळं पीस उन्हात जास्त तापतं. ऑस्ट्रालॉर्प आणायचीच तर दिवसभर सावली असणाऱ्या अंगणातच.

लेगहॉर्न आणि तिच्यापासून केलेल्या पांढऱ्या अंड्यांच्या संकरांबद्दल सुरुवातीला बोललेच. अंगाने हलकी, मोठ्या तुऱ्याची. तुऱ्यातून उष्णता बाहेर जाते, त्यामुळे ऊन तिला तितकं मारत नाही. पण ती बुजरी आहे, हात लावू देत नाही, पाच फुटांची भिंत ओलांडते, आणि घरातल्या भाकरीच्या तुकड्यांवर ठेवलं की अंडी निम्म्यावर येतात. लेअर खाद्य, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य, विकत आणून नियमाने घालणार असाल तरच तिच्याकडे वळा. सोबत म्हणून पाळायला मुळीच नको.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पिसं, कातडी, मांस, हाडंसुद्धा काळी. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. "काळं अंडं" म्हणून कुणी विकत असेल तर ते रंगवलेलं आहे, घेऊ नका. अंडी वर्षाला शंभराच्या आसपास. ऊन चांगलं सोसते. हौसेला एखादी ठेवायला काहीच हरकत नाही. पण हिच्या नावाने पैसे दामदुप्पट करून देणाऱ्या योजना आल्या की चार हात लांब राहा; २०१९च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात असंख्य शेतकरी यात बुडाले आणि त्यांचे पैसे परत आले नाहीत.

असील भांडखोर. अंडी वर्षाला ४०च्या आसपास. आई म्हणून कोंबडी उत्तम, पण दोन असील एकत्र नांदत नाहीत. झुंजी लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

उघड्या मानेची आणि उलट्या पिसांची कोंबडी गावाकडे अधूनमधून दिसते. उलट्या पिसांच्या कोंबडीभोवती करणी-उताऱ्याच्या इतक्या गोष्टी चिकटल्यात की लोक ती अंगणात ठेवायला घाबरतात आणि मांत्रिकासाठी मात्र जास्त पैसे मोजून नेतात. मला याचं फार वाईट वाटतं. त्या पिसांत अशुभ काही नाही, हा जन्मजात गुण आहे. पिसं उलटी असल्यामुळे अंगाला हवा लागते, मान उघडी असेल तर तिथून उष्णता बाहेर पडते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तर हेच गुण वापरून उपकारी आणि हितकारी हे संकर केले. अशी कोंबडी मिळाली तर आनंदाने घ्या, आपल्या उन्हाला तिच्याइतकी जुळणारी दुसरी नाही.

आणि सिल्की. मऊ केसांसारखी पिसं, पायाला पाच बोटं, समाजमाध्यमांवर फोटो बघून मुलं हट्ट धरतात. पण सोलापुरात ती पिसं म्हणजे मे महिन्यात घातलेला स्वेटर. कूलर असलेल्या खोलीत ठेवणार असाल तर वेगळं, अंगणात ठेवू नका.

यात्रेत, शाळेबाहेर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात. ती बहुतेक लेअर हॅचरीतली नर पिल्लं असतात. अंडी कधीच देणार नाहीत, आणि ऊब न मिळाल्याने बरीचशी दोन-चार दिवसांत मरतात. मुलाला कोंबडीची आवड लागावी असं वाटत असेल तर सुरुवात या पिल्लापासून करू नका. हातात मेलेलं पिल्लू मूल विसरत नाही.

तपकिरी अंडं पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असतं, असा समज आहे. कवचाचा रंग जातीवर ठरतो, आतल्या अंड्यावर नाही. बलकाचा रंग खाण्यावर ठरतो. शेवग्याचा, लसूणघासाचा पाला खाल्ला की तो आपोआप केशरी होतो.

तर माझा सल्ला: तीन ग्रामप्रिया आणि एक गावरान. ग्रामप्रिया अंडी देतील, गावरान धोका ओळखेल, गार जागा शोधेल आणि बाकीच्या तिच्या मागे जातील. ग्रामप्रिया मिळाली नाही तर दोन आर.आय.आर. आणि दोन गावरान. मुलांसाठी मुद्दाम शांत कोंबडी हवी असेल तर एक स्वर्णधारा वाढवा.

चौथी पायरी: किती वयाची आणायची

एक दिवसाचं पिल्लू स्वस्त असतं आणि हातावर वाढलं की माणसाला चिकटतं. पण पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. बल्ब, गोल केलेला पत्रा, तूस, दिवसरात्र लक्ष. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजतेय, बल्बपासून लांब पळून चोच उघडत असतील तर गरम होतंय; सगळीकडे सारखी पसरून झोपली असतील तर बरोबर आहे. शिवाय वनराजा-गिरिराजाची पिल्लं बहुतेक नर-मादी न निवडता मिळतात. दहात पाच कोंबडे निघाले तर त्यांचं काय करायचं, हे आधीच ठरवा.

अंड्यावर आलेली मोठी कोंबडी घेतली तर वय कळत नाही. बाजारात येणाऱ्या बऱ्याच कोंबड्या अंडी थांबली म्हणूनच विकायला काढलेल्या असतात.

मधला मार्ग म्हणजे तलंग. आठ ते दहा आठवड्यांची मादी, नर-मादी ओळखू येणारी, बहुतेक लसी झालेली, बल्बची गरज संपलेली. पैसे जास्त जातात पण नव्या माणसाने तलंगच घ्यावी. मोहोळ आणि खेड इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. जवळ कोण कुठल्या जातीच्या तलंगा वाढवतं, हे तिथे कळतं. चांगल्या जातीसाठी आधी नाव नोंदवून थांबावं लागतं. थांबा.

पाचवी पायरी: कोंबडी हातात घेऊन तपासा

हे मला मोहोळच्या आठवडी बाजारात एका मावशींनी शिकवलं. मी एक गुबगुबीत, तांबूस कोंबडी उचलली होती. मावशी म्हणाल्या, "ती नका नेऊ ताई, खुडूक बसायली. महिनाभर अंडं घावणार न्हाई." मग दुसरी कोंबडी डालग्यातून काढून माझ्या हातात उलटी धरायला दिली.

आधी तुरा बघा. लाल आणि भरलेला, हाताला कोमट लागणारा. फिकट, सुकलेला असेल तर कोंबडी अंड्यावर नाही किंवा आजारी आहे. डोळे गोल आणि कोरडे हवेत, फेस नको. कान तिच्या पाठीशी नेऊन ऐका. घुरघुर ऐकू आली तर परत ठेवा. पंख उचलून काखेत आणि शेपटीखाली पिसांच्या मुळाशी बघा, उवा आणि त्यांची पांढरी अंडी तिथे चिकटलेली दिसतात. पायाचे खवले सपाट हवेत. उचकटलेले, जाडसर असतील तर खरजेचे किडे आहेत.

आता अंड्यांची परीक्षा. शेपटीखाली, विष्ठेच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं बोटाला लागतात. त्यांच्यामध्ये दोन बोटं आरामात मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं जात असेल तर अंडी थांबलीत किंवा अजून सुरू व्हायची आहेत. विष्ठेची जागा ओलसर, रुंद असेल तर अंडी चालू. कोरडी, गोल, आवळलेली असेल तर बंद. मावशींनी दिलेल्या कोंबडीच्या हाडांत माझी दोन बोटं सहज गेली. घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने अंडं दिलं.

कुठूनही आणली तरी नवी कोंबडी दोन-तीन आठवडे जुन्यांपासून लांब ठेवा. वेगळं भांडं, वेगळं पाणी. हा नियम मोडून एकदा माझ्या सगळ्या कोंबड्यांना सर्दी लागली होती.

सहावी पायरी: खुराडा

यावर फार लिहीत नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, दोन बाजूंना जाळी, दाराला कडी. मुंगूस अर्ध्या इंचाहून मोठ्या फटीतून पंजा घालतं, म्हणून कोंबडीची जाळी पुरेशी नाही, बारीक वेल्डमेश लावा. बसायला आडवी काठी, मनगटाएवढी जाड. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोका, फूटभर लांबरुंद, अंधारा. खाली तूस नाही मिळालं तर शेंगांची टरफलं चालतात, पण ती कोरडीठाक हवीत. बुरशी लागलेल्या टरफलांनी कोंबड्यांच्या फुप्फुसाला धोका होतो.

सातवी पायरी: खाणं, पाणी आणि ऊन

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. निम्मं विकतचं लेअर खाद्य आणि निम्मं घरचं, हा चार-पाच कोंबड्यांसाठी मला परवडणारा मेळ आहे. घरचं म्हणजे ज्वारी, मक्याची भरड, तुरीची चुणी, थोडी पेंड, हिरवा पाला. शेंगपेंड किंवा मका यांना बुरशीचा वास आला तर टाकून द्या, "कोंबडीच तर आहे" म्हणून घालू नका. बुरशीतलं विष यकृतात बसतं. आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. जिला लागेल ती खाते.

उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ का होतं? कोंबडी धापा टाकते तेव्हा तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवच बनायला लागणारं कार्बोनेट त्यातूनच येतं. खाणंही कमी झालेलं असतं. म्हणून मेमध्ये कवच पातळ झालं तर फक्त शिंपला वाढवून भागत नाही, कोंबडी गार ठेवावी लागते.

ती कशी? दोन भांडी पाणी, दोन वेगळ्या जागी, मातीची. एक उन्हात आलं तरी दुसरं गार राहतं. हा नियम माझ्याकडे त्या दोन गिरिराजांनंतर आला. नळाला रोज पाणी येत नाही हे खरं, पण चार कोंबड्यांना उन्हाळ्यातही दिवसाला दोन-अडीच लिटर पुरतं. दाणा सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर घाला. पचनाची उष्णता दुपारच्या उन्हात मिसळू नये. झाडाखालची हातभर जागा सकाळी भिजवून ठेवा, दुपारी त्या तिथेच पोट टेकवतील. आणि जुनी, विरलेली सोलापुरी चादर ओली करून खुराड्याच्या पश्चिमेच्या जाळीवर टाका. जाड सुताची असल्याने पाणी धरून ठेवते, वारा तिच्यातून गार होऊन आत येतो. दोन तासांनी पुन्हा भिजवा. जाळी चारही बाजूंनी झाकू नका, आत दमट वाफ कोंडते.

कोंबडी चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून उभी दिसली की ती तापलीय. तेव्हा तिच्या मागे धावू नका. सावलीत घ्या, पाय आणि तुरा ओला करा, साखर-मिठाचं पाणी चोचीजवळ धरा.

आठवी पायरी: लसी

सगळ्यात मोठा शत्रू रानीखेत, म्हणजे मानमोडी. अंगण रिकामं करायला चार दिवस पुरतात आणि औषध नाही. लस हाच उपाय. पहिल्या दिवशी मरेक्स रोगाची लस, ती हॅचरीतच होते. ५ ते ७ दिवसांत लासोटा या रानीखेतच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात. १४व्या दिवशी गंबोरो रोगाची. २८व्या दिवशी पुन्हा लासोटा. सहाव्या आठवड्यात देवीची, आठ-दहा आठवड्यांत रानीखेतची आर-टू-बी, ती टोचतात. तलंग घेताना यातलं काय काय झालं ते विचारून तारखा लिहून घ्या, आणि पुढचं जवळच्या पशुवैद्यकांना दाखवून ठरवा.

लसीची बाटली शंभर किंवा अधिक मात्रांची येते. चार कोंबड्यांसाठी एकट्याने घेण्यापेक्षा आसपासच्या पाळणाऱ्यांनी एकाच दिवशी मिळून घ्या. बर्फात आणा. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी वापरू नका. त्यातल्या क्लोरीनने लस मरते.

एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर पुरून गप्प बसू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला होता. असं काही असेल तर लवकर कळण्यातच सगळ्यांचं भलं. आणि मुलांना कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

नववी पायरी: कधी आणायची

आठ-दहा आठवड्यांची ग्रामप्रिया तलंग सप्टेंबरमध्ये आणा. तेव्हा हवा बरी असते, पाला भरपूर असतो, घराची आणि माणसांची सवय लागायला वेळ मिळतो. साधारण सहाव्या महिन्यात ती अंड्यावर येते, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास. त्याआधी आठवडाभर तिचा तुरा लाल होईल, खोक्यात शिरून तूस उकरेल, आणि तुम्ही पाठीवर हात ठेवला की पंख पसरून खाली बसेल. पहिलं अंडं लहान असतं, कधी त्यावर रक्ताची बारीक रेघ असते; घाबरू नका. उन्हाळा लागेपर्यंत तिची अंडी नियमित झालेली असतात, आणि दुपारी कडुनिंबाखाली कुठली माती गार असते, हेही तिला गावरान कोंबडीने दाखवलेलं असतं.

मार्चमध्ये गावरान खुडूक बसली तर तिला अंडी देऊ नका. २१ दिवसांनी निघणारी पिल्लं थेट एप्रिलच्या उन्हात येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बसली तर कोंबडा असणाऱ्या ओळखीच्या घरून दहा-बारा गावरान अंडी आणून तिच्याखाली ठेवा. ग्रामप्रियाची अंडी उबवून ग्रामप्रिया मिळत नाही, ती संकराची असल्याने पुढच्या पिढीत गुण विखुरतात. संध्याकाळी, अंधार पडल्यावर अंडी ठेवायची. ती एकेक अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेते.